फाइल-देवाणघेवाणीच्या प्रणाली आणि तपशिलांचे दर्शन : एक चिकित्सा

१. प्रस्तावना

संगणकावरील फाइल म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबलचक मालिका होय. ही मालिका माणसाला वाचता येत नाही. तो वाचतो ते फाइलचे नाव, तिचा आकार, तिचा प्रकार, ती कोणाकडून व केव्हा आली याविषयीचे मोजके शब्द. फाइल आपल्याच संगणकावर असेल तर ती उघडून खात्री करून घेता येते. परंतु जी फाइल अद्याप दुसऱ्याच्या संगणकावर आहे आणि जी घ्यावी की टाळावी हे ठरवावयाचे आहे, तिच्या बाबतीत या मोजक्या शब्दांवाचून दुसरा आधार नसतो. त्यामुळे फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी तयार केलेल्या प्रणालीने वापरकर्त्याला कोणते तपशील दाखवावेत हा प्रश्न वरवर पाहता पडद्याच्या मांडणीचा वाटला, तरी मुळात तो विश्वासाचा प्रश्न आहे.

१९९९ पासून पुढे नॅपस्टर, काझा, ई-म्यूल, बिटटॉरंट अशा अनेक प्रणाली आल्या. त्यांच्यावरील चर्चा प्रामुख्याने कॉपीराइटच्या अंगाने झाली आणि ती अस्थानी नव्हती; कारण या मार्गांनी फिरलेल्या संगीताचा व चित्रपटांचा फार मोठा भाग हक्कधारकांच्या परवानगीविना फिरला. मात्र या प्रणालींनी आणखी एक गोष्ट केली. अनोळखी माणसाकडील वस्तूची पारख चार-सहा रकान्यांवरून करण्याची सवय त्यांनी कोट्यवधी लोकांना लावली. ते रकाने कोणत्या गृहीतकांवर ठरले, त्यांत काय दिसले आणि कोण दिसेनासे झाले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाची मांडणी सामान्यतः ‘किती तपशील दाखवावेत’ अशी केली जाते. कमी दाखवले तर वापरकर्ता फसतो, जास्त दाखवले तर गोंधळतो, म्हणून मध्यम मार्ग काढावा, असे त्या मांडणीचे सार असते. प्रस्तुत लेखाची भूमिका निराळी आहे. तपशिलांची संख्या हा दुय्यम प्रश्न असून, दाखवलेला प्रत्येक तपशील कोणाच्या शब्दावर उभा आहे हे वापरकर्त्याला कळते की नाही, हा मूळ प्रश्न आहे. पुढील विवेचनात काही प्रत्यक्ष प्रणालींच्या आधारे या भूमिकेची तपासणी केली आहे.

२. नॅपस्टरची यादी : एका ओळीत चार साक्षी

शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने तयार केलेली नॅपस्टर ही प्रणाली जून १९९९ मध्ये लोकांसमोर आली. तीत गाण्याचा शोध घेतल्यावर एक यादी दिसे. यादीच्या प्रत्येक ओळीत फाइलचे नाव, तिचा आकार, बिटरेट, ध्वनिनमुन्यांची वारंवारता, गाण्याची लांबी, फाइल बाळगणाऱ्याचे टोपणनाव, त्याच्या इंटरनेट जोडणीचा प्रकार आणि पिंग, म्हणजे त्याच्या संगणकापर्यंत जाऊन येण्यास लागणारा वेळ, असे रकाने असत. पुढील अनेक प्रणालींनी थोड्याफार फरकाने हाच साचा स्वीकारला.

या ओळीकडे बारकाईने पाहिले असता तीत चार वेगवेगळ्या साक्षी एकत्र आल्याचे दिसते. आकार, बिटरेट व लांबी हे तपशील यंत्राने फाइलवरून मोजून काढलेले असतात. फाइलचे नाव हे ती बाळगणाऱ्याचे, किंवा त्याच्याआधी ती ज्याच्याकडे होती त्याचे, विधान असते. जोडणीचा प्रकार हे बाळगणाऱ्याने स्वतःविषयी केलेले निवेदन असते. प्रणाली बसवताना त्याने तो एका सूचीतून निवडलेला असतो. पिंग मात्र घेणाऱ्याच्या बाजूने प्रत्यक्ष मोजलेले असते. मोजमाप, दुसऱ्याचे विधान, स्वतःविषयीचे निवेदन आणि स्वतः घेतलेला अनुभव या चार गोष्टींचे प्रमाणमूल्य सारखे नाही. तरीही नॅपस्टरने त्या एकाच ओळीत, एकाच टाइपात, शेजारी शेजारी मांडल्या. पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्या सर्वच ‘फाइलची माहिती’ ठरल्या.

याचे परिणाम लवकरच दिसले. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे आढळले की, आपली जोडणी मंद असल्याचे सांगणाऱ्या बऱ्याच वापरकर्त्यांची जोडणी प्रत्यक्षात वेगवान होती. जोडणी वेगवान असल्याचे दाखवले की फाइली मागणाऱ्यांची रांग लागते. तेव्हा ती मंद दाखवण्यात सोय होती. वापरकर्त्यांच्या नीतीविषयी यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा रकान्याच्या रचनेविषयी काढणे अधिक योग्य होईल. ज्या तपशिलाची पडताळणी होत नाही आणि जो खरा सांगण्यात सांगणाऱ्याचे नुकसान आहे, तो तपशील मोजमापाच्या पंक्तीला बसवणे हाच मूळ दोष होता.

नावाच्या रकान्याची कसोटी तर न्यायालयातच लागली. मार्च २००१ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांच्या आदेशानुसार हक्कधारक कंपन्यांनी गाण्याचे शीर्षक, कलावंताचे नाव व नॅपस्टरवर आढळलेली फाइलींची नावे कळवावयाची आणि नॅपस्टरने त्या फाइली रोखावयाच्या, अशी व्यवस्था झाली. वापरकर्त्यांनी नावांतील अक्षरे उलटसुलट करण्यास सुरुवात केली आणि नावावर आधारलेली चाळणी निकामी होऊ लागली. पुढे प्रत्यक्ष ध्वनीवरून गाणे ओळखणाऱ्या तंत्राकडे कंपनीला वळावे लागले, आणि जुलै २००१ मध्ये ही सेवा बंद पडली. नाव हे फाइलचे अंग नसून तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी आहे, ही गोष्ट या प्रकरणाने स्पष्ट केली.

३. नाव आणि ओळख

नावावर विसंबता येत नाही हे लक्षात आल्यावर पुढील प्रणालींनी फाइलची ओळख तिच्या आशयावरून ठरवण्याचा मार्ग धरला. फाइलमधील सर्व अंकांवर गणिती क्रिया करून एक ठरावीक लांबीचा ठसा काढला जातो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. आशयात एक अंक बदलला तरी ठसा बदलतो, आणि नाव कितीही वेळा बदलले तरी ठसा तोच राहतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-म्यूल या प्रणालीने याच तत्त्वाचा एक लक्षणीय उपयोग केला. एखाद्या फाइलचे तपशील उघडले असता, तीच फाइल वेगवेगळ्या वापरकर्त्यांकडे कोणकोणत्या नावांनी आहे आणि प्रत्येक नाव कितीजणांकडे आहे, याची यादी ती दाखवत असे.

समीक्षेच्या दृष्टीने या यादीचे महत्त्व मोठे आहे. हस्तलिखित पोथीच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, स्थळ, काळ असे तपशील दिलेले आढळतात. त्यामुळे ग्रंथकर्त्याचे शब्द कुठे संपतात आणि नक्कल करणाऱ्याचे कुठे सुरू होतात हे अभ्यासकाला कळते. पाठचिकित्सा याच भेदावर उभी असते. फाइल-देवाणघेवाणीत नक्कल करणारा अदृश्य राहिला आणि त्याने दिलेले नाव मूळ कर्त्याचे समजले गेले. ई-म्यूलच्या यादीने हा भेद काही प्रमाणात परत आणला. एकाच ठशाच्या फाइलला दहाजणांनी एक आणि चाळीसजणांनी भलतेच नाव दिले आहे असे दिसताच, नाव हे मत आहे ही जाणीव वापरकर्त्याला होत असे.

याउलट उदाहरण काझाचे आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत ठसा काढण्याची पद्धत वेगासाठी सैल केलेली होती. मोठ्या फाइलच्या बाबतीत सुरुवातीचा भाग आणि पुढे ठरावीक अंतरांवरचे तुकडे एवढ्यांचाच विचार त्या पद्धतीत होत असे. मधला भाग बदलला तरी ठसा तोच राही. परिणामी निरुपयोगी आवाज भरलेली फाइल आणि खरी फाइल प्रणालीच्या लेखी एकच ठरू शकत होती. २००५ मध्ये जियान लियांग, कीथ रॉस आदी संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, त्या काळातील लोकप्रिय गाण्यांच्या काझावरील प्रतींपैकी निम्म्याहून अधिक प्रती दूषित असल्याचे आढळले. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे केवळ नावाला लागू पडत नाही, ओळख पटवणाऱ्या ठशालाही पडते.

काझाने यावर उपाय म्हणून वापरकर्त्यांना फाइलच्या दर्जाविषयी शेरा देण्याची सोय केली आणि अधिक फाइली देणाऱ्यास अधिक मान मिळावा म्हणून ‘सहभागाची पातळी’ दाखवली. परंतु ही पातळी वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरच नोंदली जात होती. काझाची अनधिकृत आवृत्ती वापरणाऱ्यांची पातळी कायम सर्वोच्च, म्हणजे १०००, दिसत असे. स्वतःच स्वतःला दिलेले गुण प्रणालीने दिलेल्या गुणांसारखे दिसणे, हा नॅपस्टरच्या जोडणी-रकान्याचाच पुढचा अवतार होय.

२००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी आणलेल्या बिटटॉरंटने फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र ठसा आधीच देऊन ठेवण्याची पद्धत अवलंबली. आलेला प्रत्येक तुकडा ठशाशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे वाटेत होणारी भेसळ रोखली गेली. तथापि ही हमी नेमकी कशाची आहे हे समजून घेणे आवश्यक आहे. मूळ टॉरंट करणाऱ्याने जे दिले तेच पोचले, एवढेच ती सांगते. त्याने दिलेले नाव खरे आहे असे सांगत नाही. लाखेची मोहोर शाबूत असली म्हणजे लखोट्यातील मजकूर खरा ठरत नाही. याच प्रणालीत दिसणारा पूर्ण प्रत बाळगणाऱ्यांचा आकडाही फाइल किती सहज मिळेल एवढेच सांगतो. तो सत्यतेचा आकडा म्हणून वाचला जातो, हा वाचनातील दोष प्रणालीच्या मांडणीने ओढवून घेतलेला आहे.

दाखवलेले नाव अपुरे असण्यातही धोका असतो. ४ मे २००० रोजी ई-मेलद्वारे पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूच्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि त्यानंतर ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटे होती. विंडोजमध्ये परिचित प्रकारच्या फाइलींचे शेवटचे शेपूट लपवून ठेवण्याची व्यवस्था मुळातच चालू असे. त्यामुळे अनेकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात ती चालणारी आज्ञावली होती. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून जो तपशील गाळला, नेमका तोच निर्णायक होता. सुबोधता आणि गाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या घटनेचा धडा आहे.

४. देणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसावे?

आतापर्यंतचा विचार फाइल घेणाऱ्याच्या बाजूने झाला. परंतु देवाणघेवाणीत देणाराही असतो, आणि अनेकदा आपण देत आहोत हे त्यालाच ठाऊक नसते. नॅथॅनियल गुड आणि ॲरन क्रेकेलबर्ग यांनी काझाच्या वापरासंबंधी केलेला आणि २००३ मध्ये सादर केलेला अभ्यास या दृष्टीने मूलगामी आहे. त्यांनी १२ वापरकर्त्यांसमोर काझा ठेवली. संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क खुली झाली होती. आपल्या कोणत्या फाइली इतरांना उपलब्ध आहेत हे त्या १२ पैकी केवळ २ जणांना बरोबर सांगता आले. प्रत्यक्ष जाळ्यावर शोध घेतला असता लोकांच्या ई-मेलच्या पेट्याही नकळत खुल्या असल्याचे संशोधकांना दिसून आले.

याचे कारण वापरकर्त्यांचे अज्ञान नव्हते. उतरवून घेतलेल्या फाइली जेथे ठेवावयाच्या तो फोल्डर आणि इतरांना द्यावयाचा फोल्डर प्रणालीने एकच मानला होता. मात्र पडद्यावर निरनिराळ्या ठिकाणी त्याला निरनिराळी नावे होती. एखाद्याने फाइली ठेवण्यासाठी संपूर्ण डिस्क निवडली, की तिच्यातील सर्व उपफोल्डर आपोआप खुले होत. म्हणजे घेणाऱ्याच्या पडद्यावर रकान्यांची रेलचेल होती आणि देणाऱ्याच्या पडद्यावर सर्वांत महत्त्वाचे एक वाक्य नव्हते : ‘तुमच्या या इतक्या फाइली या क्षणी अनोळखी लोकांना दिसत आहेत.’

या असमतोलामागे एक गृहीतक दिसते. प्रणाली घडवणाऱ्यांनी वापरकर्ता म्हणजे शोधणारा असे मानले. ज्याच्याकडे शोधले जाते तोही वापरकर्ता आहे, हे विसरले गेले. तपशील दाखवण्याचा विचार करताना ‘इतरांचे मला काय दिसावे’ याबरोबर ‘माझे इतरांना काय दिसते ते मला दिसावे’ हा दुसरा अर्धा भागही तितकाच आवश्यक ठरतो.

५. श्रेयाचा रकाना

फाइल घेणारा आणि देणारा यांच्याखेरीज एक तिसरा पक्ष असतो. तो म्हणजे कृतीचा कर्ता. तो बहुधा या जाळ्यावर नसतोच. त्याचे अस्तित्व रकान्यात उरते किंवा उरत नाही. मराठी गीतांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

एमपी-३ फाइलमध्ये गाण्याची माहिती ठेवण्यासाठी १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी ‘आयडी३’ नावाची पद्धत सुचवली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटची जागा ठेवावयाची आणि तीत शीर्षकास ३०, कलावंतास ३०, अल्बमला ३०, वर्षास ४, टिपणास ३० व गीतप्रकारास १ बाइट द्यावयाचा, अशी तिची वाटणी होती. उरलेले ३ बाइट या नोंदीची खूण म्हणून असत. ही वाटणी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या व्यवहारातून आलेली आहे. तेथे गाणे सामान्यतः गायकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या नावाने ओळखले जाते. मराठी भावगीत वा चित्रपटगीताची परंपरा निराळी आहे. आकाशवाणीवरील निवेदनात गीत, संगीत व स्वर अशा तीन श्रेयांचा उल्लेख करण्याची प्रथा श्रोत्यांच्या कानात मुरलेली आहे.

‘गीतरामायणा’चे उदाहरण घेता येईल. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या या मालिकेतील ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत सुधीर फडके यांचे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा अनेकांचे स्वर होते; पुढे ही गीते फडके यांच्या आवाजात घरोघरी पोचली. आता ‘कलावंत’ हा एकच रकाना असेल तर त्यात कोण लिहावे? स्वरच लिहिला जाणार, आणि गीतकार वगळला जाणार, हे उघड आहे. जागेचे गणितही येथे उद्बोधक आहे. मुळात या ३० बाइटमध्ये देवनागरीची सोयच अभिप्रेत नव्हती. ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने देवनागरी लिहावयाचे ठरवले तर प्रत्येक अक्षरास व मात्रेस ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने ‘सुधीर फडके’ हे नाव २८ बाइटमध्ये मावते. ‘गजानन दिगंबर माडगूळकर’ या नावास ५९ बाइट लागतात. गीतप्रकाराच्या मूळ ८० प्रकारांच्या सूचीत ‘डेथ मेटल’ आणि ‘प्रँक्स’ यांना जागा होती. अभंग, लावणी, नाट्यगीत यांना नव्हती. त्यांना ‘एथ्निक’ किंवा ‘इतर’ या सदरात जावे लागे.

१९९८ मध्ये आलेल्या आयडी३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. गीतकार, संगीतकार व गायक यांच्यासाठी तीत स्वतंत्र जागा होत्या आणि युनिकोडचीही सोय होती. परंतु येथे साठवण आणि दर्शन यांतील अंतर लक्षात घ्यावे लागते. फाइलच्या पोटात गीतकारासाठी जागा झाली, तरी पडद्यावर शीर्षक, कलावंत व अल्बम हेच तीन रकाने मिरवत राहिले. जो रकाना दिसत नाही तो भरण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि जो भरलेला नसतो तो दाखवण्याचे कारण राहत नाही. अशा रीतीने एका मांडणीच्या निर्णयातून कवीचे नाव त्याच्या गीतापासून सुटते. फाइल शंभर हातांतून फिरते, तेव्हा हे सुटणे कायमचे होते. म्हणून तपशिलांची निवड ही सांस्कृतिक निवडही आहे असे म्हणणे भाग पडते.

६. ‘फॉरवर्डेड’ : अंतराचा तपशील

मागील दशकात फाइलींची देवाणघेवाण मुख्यतः मोबाइलवरील संदेशसेवांकडे सरकली. गाणे शोधून घेण्याऐवजी चित्रफीत आपणहून दारात येऊ लागली. त्यामुळे तपशिलांच्या प्रश्नाचे गांभीर्य कमी न होता वाढले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व चित्रफिती व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्यांपैकी एक बहुचर्चित चित्रफीत कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी तयार केलेल्या लघुपटाचा तुकडा होती. मूळ लघुपटाच्या अखेरीस उचललेले मूल परत आणून सोडले जाते आणि संदेश दाखवला जातो. फिरणाऱ्या तुकड्यात हा शेवट कापलेला होता. भटक्या समाजांविषयीचे जुने संशय आणि जमावाची हिंसा यांची जबाबदारी एखाद्या रकान्यावर टाकता येणार नाही. परंतु पाहणाऱ्याच्या पडद्यावर काय होते आणि काय नव्हते, हे विचारणे येथे अपरिहार्य ठरते.

पडद्यावर सर्वांत ठळक तपशील होता तो पाठवणाऱ्याचा : भाऊ, शेजारी, गावचा गट. म्हणजे परिचिताचे नाव होते आणि चित्रफितीचे मूळ नव्हते. ती कोणी, कुठे, केव्हा चित्रित केली याचा मागमूस नव्हता. एवढेच नव्हे, तर अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपने साठवलेल्या चित्रफितीच्या नावात जी तारीख येते ती चित्रीकरणाची नसून देवाणघेवाणीच्या दिवसाची असते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची आणि दुसऱ्या देशातील चित्रफीतही फोनमध्ये आजची तारीख घेऊन बसते. तारीख खोटी नसते; ती कशाची आहे हे सांगितलेले नसते. नॅपस्टरच्या ओळीतील दोष येथे प्राणघातक परिस्थितीत पुन्हा दिसतो.

राईनपाड्याच्या घटनेनंतर, १० जुलै २०१८ रोजी व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवण्यास सुरुवात केल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात एकावेळी किती ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल यावरही भारतापुरती पाचाची मर्यादा घातली गेली. पुढे २०१९ मध्ये अनेकवार फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण आली. ही खूण लहान असली तरी तिचे तत्त्व महत्त्वाचे आहे. पाठवणारा आणि कर्ता एक नाहीत, एवढेच ती सांगते. मूळ कोण हे ती सांगत नाही; मूळ आणि पाहणारा यांच्यात अंतर आहे हे सांगते. कोणाचीही ओळख उघड न करता साक्षीचा दर्जा कळवणारा असा हा तपशील आहे.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. चित्रफीत साठवून नव्याने पाठवली की खूण नाहीशी होते. ‘पुढे पाठवलेले’ याचा अर्थ ‘संशयास्पद’ की ‘लोकप्रिय’, हे ठरवणे वाचणाऱ्यावर सोडलेले आहे. याउलट टोकाला, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाच्या पहिल्या प्रेषकाचा शोध लावता यावा अशी अट मोठ्या संदेशसेवांवर घातली आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. या दोन व्यवस्थांतील फरक मूलभूत आहे. पहिली व्यवस्था पाहणाऱ्याला अंतर दाखवते. दुसरी शासनाला व्यक्ती दाखवू पाहते. वापरकर्त्याच्या विवेकाला मदत करणारा तपशील आणि वापरकर्त्यावर पाळत ठेवण्यास उपयोगी पडणारा तपशील यांची गल्लत होता कामा नये.

७. आक्षेप आणि निकष

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रत्येक तपशिलासोबत त्याची साक्ष दाखवावयाची तर पडदा भरून जाईल आणि सामान्य वापरकर्ता गोंधळेल. परंतु येथे तपशिलांची संख्या वाढवण्याची मागणी नाही, त्यांत भेद करण्याची आहे. वर्तमानपत्रात बातमी आणि जाहिरात यांचा टाइप व चौकट वेगळी असते. त्याने पान भरत नाही, उलट वाचणे सोपे होते. यंत्राने मोजलेले आणि माणसाने सांगितलेले यांत असा दृश्य भेद करणे कठीण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साक्षीचा दर्जा दाखवला तरी लोक तो वाचतात का? दुहेरी बाण पाहूनही चित्रफीत पुढे पाठवणारे असतातच. हे मान्य करावे लागते. तपशील विवेक निर्माण करीत नाही; असलेल्या विवेकाला आधार देतो. मात्र तो आधारच काढून घेतला तर विवेकी माणसालाही थांबण्याचे कारण उरत नाही. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सी२पीए’ या गटाने चित्र वा चित्रफितीसोबत तिच्या निर्मितीची व बदलांची स्वाक्षरीबद्ध नोंद ठेवण्याची पद्धत आखली आहे. तिचेही यश आयडी३ प्रमाणेच, नोंद साठवली जाते की नाही यापेक्षा ती पाहणाऱ्याच्या पडद्यापर्यंत पोचते की नाही यावर अवलंबून राहील.

वरील विवेचनावरून तपशील निवडण्याचे पुढील निकष मांडता येतात. एक, मोजलेला तपशील आणि सांगितलेला तपशील पडद्यावर वेगळे दिसावेत. दोन, दिनांक, संख्या व शेरे यांसोबत ते कशाचे आहेत हे सांगितले जावे. तीन, ज्याच्या अभावी हानी संभवते तो तपशील, उदाहरणार्थ फाइलचा खरा प्रकार, सोयीसाठी लपवू नये. चार, आपले काय खुले आहे हे देणाऱ्याला सर्वप्रथम दिसावे. पाच, कर्त्यांच्या श्रेयाचे रकाने त्या त्या भाषेच्या व कलेच्या परंपरेनुसार ठरावेत. सहा, व्यक्तीची ओळख उघड न करता अंतर कळवणे शक्य असेल तेथे अंतरच कळवावे.

८. समारोप

नॅपस्टरच्या यादीपासून ‘फॉरवर्डेड’च्या खुणेपर्यंतचा प्रवास सुमारे दोन दशकांचा आहे. या काळात तंत्र पुष्कळ बदलले. जोडणीचा वेग वाढला, ठसे अचूक झाले, संगणकाची जागा फोनने घेतली. मात्र एक दोष टिकून राहिला. दुसऱ्याचे म्हणणे वस्तूचा गुणधर्म म्हणून दाखवले गेले. नॅपस्टरवर त्यामुळे एखाद्याचे चुकीचे गाणे उतरले, काझावर एखाद्याची ई-मेलची पेटी उघडी पडली, गीताच्या फाइलीतून कवीचे नाव गळले आणि मोबाइलच्या पडद्यावर जुन्या, परक्या चित्रफितीला आजची तारीख लागली. या परिणामांची तीव्रता सारखी नाही. त्यांचे मूळ मात्र सारखे आहे. म्हणून फाइलचे तपशील ठरवणाऱ्याने ‘आणखी काय दाखवू’ असे विचारण्यापूर्वी, जे दाखवतो आहोत ते कोणाच्या वतीने दाखवतो आहोत, हे स्वतःला विचारणे आवश्यक आहे. त्याचे उत्तर पडद्यावर दिसले, तर घेणे, देणे व नाकारणे या तिन्ही गोष्टी माणूस समजून-उमजून करू शकेल.